हिमालयाचे हिम आणि दख्खनचा पाऊस

पुण्यास शिवाजीनगरच्या बाजूस एक चौक आहे. त्यास लोक 'सिमला ऑफिस' म्हणतात. रिक्षावाल्यास, बसच्या वाहकास, शाळकरी पोरास हे नाव सारखेच परिचयाचे आहे. परंतु सिमल्याचा आणि पुण्याचा संबंध काय, हा प्रश्न त्यांपैकी फारशा कोणास पडत असेलसे वाटत नाही. ज्या गावी बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालावयाची वस्तू, त्या गावातील चौकास हिमालयातील थंड हवेच्या ठिकाणाचे नाव का पडावे? याचे सरळ उत्तर असे की, हिंदुस्थानच्या हवामानखात्याची मुख्य कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आली आणि कचेरीबरोबर तिच्या जुन्या गावाचे नावही आले. पुढे १९४४ साली मुख्य कचेरी दिल्लीस गेली. खात्याचे मोठे काम मात्र पुण्यात राहिले, आणि नाव तर चौकास कायमचेच चिकटले.

परंतु हा केवळ एका कचेरीच्या स्थलांतराचा इतिहास नव्हे. दख्खनच्या शेतात जून महिन्यात पाऊस येणार की नाही, याचे उत्तर हिमालयावर हिवाळ्यात पडलेल्या बर्फात शोधावे, अशी एक कल्पना या खात्याच्या बाल्यावस्थेतच जन्मास आली होती. ती कल्पना कशी निघाली, कशी फोफावली, कोठे फसली, आणि तिच्यासाठी लिहून ठेवलेल्या टिपणांतून अखेरीस कोणती निराळीच गोष्ट उघडकीस आली, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

१८७६ ते १८७८ या सालांतील दुष्काळाची हकीकत महाराष्ट्रास नव्याने सांगावयास नको. दख्खन, कर्नाटक व मद्रास इलाखा यांत पावसाने दगा दिला, आणि इंग्रजी मुलखात अर्ध्या कोटीहून अधिक माणसे भूक आणि भुकेमागून येणारे रोग यांस बळी पडली. सरकारच्या धान्यनीतीवर आणि मदतीच्या कामांवर त्या काळी सार्वजनिक सभेने जी टीका केली ती इतिहासात नमूद आहेच. परंतु त्या दुष्काळाने आणखी एक प्रश्न उभा केला: असे संकट येत आहे हे काही महिने आधी कळू शकेल काय? योगायोग असा की, सर्व हिंदुस्थानाकरिता एक हवामानखाते नुकतेच, म्हणजे १८७५ साली, स्थापन झाले होते, आणि त्याच्या मुख्य जागी हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड नावाचा गृहस्थ होता.

ब्लॅनफर्ड हा मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. १८५५ साली तो भूगर्भसंशोधन खात्यात नोकरीस म्हणून या देशी आला. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तो प्राध्यापक झाला, आणि तेथून हवामानाच्या अभ्यासाकडे वळला. खडकांचे थर वाचण्याची सवय असलेल्या या मनुष्याने आकाश वाचावयास घेतले तेव्हा त्याची दृष्टी प्रथम डोंगराकडे गेली, यात नवल नाही. ज्या वसंतऋतूत वायव्य हिमालयावर बर्फ फार असते व उशिरापर्यंत टिकते, त्या साली उत्तरेकडून कोरडे वारे बराच काळ वाहतात आणि मैदानात पाऊस लांबतो वा तुटीचा पडतो, असे त्यास आढळून आले. १८८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने हा संबंध निबंधरूपाने मांडला.

या संबंधाच्या मुळाशी असलेले तत्त्व साध्या गृहस्थासही समजण्यासारखे आहे. ताजे बर्फ आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा आठ-नऊ दशांश भाग परत फेकून देते. उघडी जमीन मात्र त्यातील बहुतेक भाग पिऊन टाकते. शिवाय बर्फ वितळण्यास फार उष्णता लागते. एक शेर बर्फाचे नुसते पाणी होण्यास जेवढी उष्णता खर्ची पडते, तेवढीत तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापविता येईल. तेव्हा डोंगरावर बर्फाची रास मोठी असली म्हणजे चैत्र-वैशाखातील उन्हाचा मोठा भाग ती वितळविण्यातच संपतो आणि भूमी तापावयास उशीर लागतो. आता मोसमी वारा म्हणजे तरी काय? तापलेल्या भूमीकडे तुलनेने थंड असलेल्या समुद्राने धाडलेली ओली हवा. भूमीच तापली नाही तर समुद्राने धाव तरी कशासाठी घ्यावी?

१८८२ पासून ब्लॅनफर्डने या आधारावर पावसाचे प्रायोगिक अंदाज सरकारास सादर करण्यास आरंभ केला. डोंगरी मुलखातील ठिकठिकाणांहून बर्फाची वर्तमाने मागवावयाची, मागील सालांशी ती ताडून पाहावयाची, आणि मग अनुमान करावयाचे, अशी ही पद्धत होती. पहिली काही साले अनुमाने बरी उतरली आणि सरकारास धीर आला. ४ जून १८८६ रोजी पहिला रीतसर दीर्घ मुदतीचा अंदाज निघाला. जगाच्या पाठीवर इतक्या मोठ्या प्रदेशाच्या पावसाचे भाकीत मोजमापाच्या आधारे करण्याचा असा नियमित उद्योग त्यापूर्वी झालेला नव्हता.

ब्लॅनफर्डच्या मागून आलेल्या सर जॉन एलियट याने या अंदाजांचा विस्तार केला. ऑक्टोबर ते मे या महिन्यांतील हिमपात, पावसाळ्यापूर्वी देशात दिसणारी हवेची लक्षणे, हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियाकडील स्थिती या सर्वांचा तो विचार करी, आणि त्याची टिपणे लांबलचक होत. परंतु १८९९ साली निसर्गाने त्याची परीक्षा घेतली. अंदाज चांगल्या पावसाचा होता. आला तो १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ. गुजरात, राजपुताना, मध्यप्रांत, दख्खन या सर्वांस तो भोवला. ज्या खात्याचा जन्म दुष्काळाची सूचना देण्याच्या आशेशी जोडला गेला होता, त्या खात्यास त्या शतकातील शेवटचा महादुष्काळ दिसला नाही. यानंतर काही साले अंदाज लोकांपुढे न ठेवता केवळ सरकारापुरते गुप्त राखण्यात येऊ लागले.

१९०४ साली आलेल्या गिल्बर्ट वॉकरच्या वाट्यास हा वारसा आला. वॉकर केंब्रिजचा नामांकित गणिती. हवेविषयी त्यास प्रारंभी विशेष ज्ञान नव्हते. परंतु ते नसल्यामुळेच की काय, त्याने आकड्यांखेरीज कोणावरही विश्वास ठेवला नाही. बर्फ आणि पाऊस यांचा संबंध आहे असे नुसते म्हणून भागावयाचे नाही, तो किती आहे हे मोजले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. १९०९ साली त्याने जे समीकरण वापरले त्यात चार गोष्टी होत्या: हिमालयावरील बर्फाचा साठा, मॉरिशसचा वायुभार, दक्षिण अमेरिकेतील वायुभार आणि झांझिबारचा पाऊस. ब्लॅनफर्डचे बर्फ येथे एकटे राहिले नव्हते. चार साक्षीदारांपैकी ते एक झाले होते. पुढे याच शोधात वॉकरास पॅसिफिक व हिंदी महासागर यांवरील वायुभाराचा तो प्रचंड झोका सापडला, ज्यास त्याने 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले आणि ज्याचा एल निनोशी असलेला संबंध पुढील पिढीने सिद्ध केला.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने वॉकरचे एक दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागोपाठ दुष्काळ पडल्यामुळे या देशाचे हवामानच पालटले काय, अशी शंका लोकांत व सरकारातही उत्पन्न झाली होती. कोणी जंगलतोडीस दोष देई, कोणी पाटबंधाऱ्यांस. १९१० साली वॉकरने 'हिंदुस्थानातील कथित हवामानबदलाचा पुरावा' या अर्थाचा निबंध प्रसिद्ध करून आकडे तपासले आणि निर्णय दिला की, कायमचा बदल झाल्याचा पुरावा मिळत नाही. जे दिसते ते वर्षावर्षांचे आणि दशकादशकांचे चढउतार होत.

हा निर्णय त्या काळी योग्य होता. हाताशी असलेली टिपणे जेमतेम दोन पिढ्यांची. त्यांतून याहून अधिक काही सिद्ध होण्यासारखे नव्हते, आणि जे सिद्ध होत नाही ते न म्हणण्याची सचोटी वॉकरपाशी होती. तथापि ब्लॅनफर्ड, एलियट आणि वॉकर या तिघांच्याही विचारास एका गृहीताचा आधार होता. हिवाळा कधी कडक तर कधी सौम्य, बर्फ कधी उदंड तर कधी अल्प. परंतु या सर्वांच्या मध्यभागी सरासरी नावाचा एक खांब पक्का रोवलेला आहे, आणि ऋतू त्याभोवती दोरी बांधलेल्या गुरासारखे फिरतात, असे ते धरून चालत. खांबच सरकू लागला तर काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला नव्हता.

पुढील दशकांत बर्फाचा आणि पावसाचा संबंध पूर्वीइतका टिकेना. काही साले तो जुळे, काही साले साफ चुके, आणि खात्यातील लोकांचा त्यावरील भरवसा उडत चालला. मग आकाशातून बर्फ पाहण्याचे साधन निघाले. १९६० नंतरच्या दशकात कृत्रिम उपग्रह भ्रमण करू लागले आणि एका डोंगरावरचे नव्हे तर अवघ्या युरेशियाखंडावरचे हिमाच्छादन एका दृष्टिक्षेपात मोजता येऊ लागले. १९७६ साली हान आणि जगदीश शुक्ल या दोघांनी उपग्रहांच्या पहिल्या काही सालांची चित्रे घेऊन दाखविले की, युरेशियावर हिवाळी बर्फ अधिक तर हिंदुस्थानात पुढील पाऊस कमी, असा ब्लॅनफर्डच्या विचारासारखाच उलटा संबंध दिसतो. नव्वद वर्षांपूर्वीची कल्पना पुन्हा जिवंत झाली. १९८८ पासून वापरलेल्या सोळा घटकांच्या समीकरणात बर्फास पुन्हा आसन मिळाले. परंतु २००२ साली त्या समीकरणानेही दगा दिला. अंदाज सरासरीइतक्या पावसाचा होता. प्रत्यक्षात तूट १९ टक्क्यांची आली. १८९९ ची आठवण व्हावी असाच हा प्रसंग होता, आणि समीकरण बदलणे भाग पडले.

असे वारंवार का घडावे? संबंध मुळातच दुबळा होता, अन्य शक्ती त्यावर मात करीत होत्या, ही कारणे आहेतच. परंतु आणखी एका गोष्टीकडे लक्ष जाणे अवश्य होते. ज्या बर्फाची तुलना मागील सालांच्या बर्फाशी करावयाची, ते बर्फ आणि तो हिवाळा पूर्वीचाच राहिला होता काय?

या प्रश्नास एक महत्त्वाचे उत्तर पुण्यातूनच मिळाले. भूत्यानी हे हिमस्खलनाचा अभ्यास करणारे संशोधक, आणि विश्वास काळे व पवार हे पुणे विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ, यांनी वायव्य हिमालयातील उष्णतामानाच्या विसाव्या शतकातील नोंदी तपासून २००७ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या प्रदेशाचे उष्णतामान शतकभरात सुमारे १.६ अंश सेल्सिअसने वाढले आहे, आणि ही वाढ इतर ऋतूंपेक्षा हिवाळ्यात अधिक वेगाने झाली आहे, असे त्यांस आढळले. या नोंदींत सिमल्याच्याही नोंदी होत्या. ज्या गावाहून पाऊस पाहणारी कचेरी पुण्यास आली, त्या गावाचा हिवाळा कसा पालटला हे पुण्याच्या विद्वानांनी सांगावे, हा काव्यमय वाटणारा परंतु सर्वस्वी सत्य असा योग होय.

दीड अंश ही संख्या मैदानात राहणाऱ्यास क्षुल्लक वाटेल. डोंगरात तिचा अर्थ निराळा आहे. पश्चिम हिमालयावर हिवाळ्यात जे बर्फ पडते ते भूमध्यसमुद्राच्या बाजूने येणाऱ्या वादळी आवर्तांमुळे पडते. आवर्त तेच, ढग तेच, पाण्याचा अंशही तोच. परंतु हवा गोठणबिंदूच्या किंचित खाली आहे की किंचित वर आहे, यावर त्यातून हिम पडावयाचे की पाऊस हे ठरते. हिम पडले तर ते वैशाखापर्यंत डोंगराच्या अंगावर ठेवीसारखे राहते. पाऊस पडला तर तो त्याच आठवड्यात नदीने वाहून जातो. एकूण पाणी तितकेच राहूनही ठेव मात्र बुडते. पुण्याच्याच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील कृपलानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली उपग्रहांच्या आधारे दाखविले की, १९९३ नंतर पश्चिम हिमालयावरील वसंतातील हिमक्षेत्र आक्रसत असून बर्फ पूर्वीपेक्षा लवकर वितळत आहे. अगदी अलीकडची गोष्ट सांगावयाची तर, २०२५ च्या हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालय प्रदेशात बर्फ जमिनीवर टिकण्याचे मान नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी भरले. काठमांडू येथील पर्वतविकास केंद्राच्या गणनेप्रमाणे तेवीस वर्षांतील हा नीचांक होता, आणि तुटीचा तो लागोपाठ तिसरा हिवाळा होता. या प्रदेशातून निघणाऱ्या मोठ्या नद्यांच्या पाण्याचा सुमारे चौथा हिस्सा या हंगामी बर्फाचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळेल.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. एका हिवाळ्यावरून युगाचा निर्णय करणे हा अविचार होय. जानेवारी २०२४ मध्ये, काश्मिरी लोक ज्यास 'चिल्लई कलान' म्हणतात त्या चाळीस दिवसांच्या ऐन कडाक्यात, गुलमर्गची माळराने उघडी पडली होती आणि बर्फावर खेळावयास आलेले प्रवासी हिरमुसले होऊन परतले. त्याच्याच पुढील हिवाळ्यात, २१ डिसेंबर २०२४ रोजी, श्रीनगरचा पारा शून्याखाली ८.५ अंशांवर उतरला. डिसेंबरात इतकी थंड रात्र तेथे सुमारे पन्नास वर्षांत झाली नव्हती. एकाने पहिल्या घटनेवर बोट ठेवून हिवाळा संपला म्हणावे, दुसऱ्याने दुसरीवर बोट ठेवून सर्व जसेच्या तसे आहे म्हणावे, आणि दोघांनीही स्वतःची फसवणूक करून घ्यावी, असाच हा प्रकार आहे. 'आमच्या लहानपणी थंडी अशी नव्हती' हे वाक्य प्रत्येक पिढीतील वृद्धांनी उच्चारलेले आहे. ते कधी खरे असते, कधी खोटे. स्मरणशक्तीस त्याचा निवाडा करता येत नाही. तिला कडाक्याचे चार दिवस आठवतात, मधले नव्वद दिवस ती विसरते. निवाडा करण्यास लागते ती वर्षानुवर्षे एकाच रीतीने लिहिलेली वही.

अशा वहीचे सामर्थ्य काय असते हे पाहावयाचे असेल तर जपानातील सुवा सरोवराचे उदाहरण पाहावे. हिमालयाच्या नोंदी शे-दीडशे वर्षांच्या. सुवा येथील देवस्थानाच्या पुजाऱ्यांनी मात्र ते सरोवर कधी गोठले याची टिपणे १४४३ सालापासून ठेविली आहेत. गोठलेल्या सरोवरावर थंडीने मोठा आवाज करीत भेगा पडतात आणि बर्फाचा एक उंच बांध उभा राहतो. पलीकडच्या तीरावर राहणाऱ्या देवीस भेटावयास देव त्या वाटेने गेला, अशी तेथील श्रद्धा आहे. त्या पुजाऱ्यांस हवामानशास्त्र ठाऊक नव्हते. त्यांस देवाची वाट पाहावयाची होती. परंतु त्यांच्या वहीवरून आज असे कळते की, पहिल्या सुमारे अडीचशे वर्षांत सरोवर न गोठल्याचे हिवाळे अवघे तीन होते. १९५५ ते २००४ या पन्नास वर्षांत ते बारा झाले. मधल्या काळातील काही नोंदींची रीत निराळी असल्यामुळे विद्वान त्या बाजूस ठेवितात. तरी आरंभ आणि शेवट यांची तुलना पुरेशी बोलकी आहे. २०१८ साली देवाची ती वाट उमटली. त्यानंतर २०२५ पर्यंत एकदाही उमटली नाही. पुजारी तथापि दर हिवाळ्यात पहाटे तीरावर जातो, आणि 'पाणी मोकळे आहे' एवढेच वहीत लिहून परततो.

आता वाचकाच्या मनात एक प्रश्न साहजिकच येईल. बर्फ अधिक तर पाऊस कमी, हे ब्लॅनफर्डचे म्हणणे खरे असेल, तर बर्फ कमी झाल्याने दख्खनचा पाऊस वाढावयास हवा. मग खेद कशाचा? परंतु निसर्गाचा हिशेब असा एका ओळीचा नसतो. भूमी तापते त्याबरोबर समुद्रही तापत आहे, आणि मोसमी वारा या दोहोंमधील अंतरावर चालतो. खात्याने पावसाच्या राष्ट्रीय सरासरीची जी पुनर्गणना केली तीत १९५१ ते २००० या कालखंडाची ८९ सेंटिमीटर ही संख्या, पुढे सरकून १९७१ ते २०२० चा कालखंड घेतल्यावर, ८७ झाली. खाते हा बहुतांशी नैसर्गिक चढउताराचा भाग समजते, आणि तसे असेलही. परंतु पुण्याच्याच संस्थेतील रॉक्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखविले की, मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या प्रसंगांची संख्या तिपटीच्या घरात गेली आहे. शेतकऱ्यास पाऊस एकूण किती यापेक्षा तो कसा आणि केव्हा हे अधिक महत्त्वाचे; आणि बर्फाची ठेव जशी उत्तरेत मोडत आहे, तशीच पावसाची शिस्त येथे मोडत आहे. बर्फाच्या तुटीने दख्खनचा लाभ होतो असे समजणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आटल्यावर आपल्या विहिरीस वाढेल अशी आशा धरणे होय.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य काय? ब्लॅनफर्डचे अनुमान अर्धेच खरे ठरले, एलियटचे फसले, वॉकरचा १९१० चा निर्णय शंभर वर्षांनी बदलावा लागला. परंतु तो बदलता आला तो त्यांच्याच परंपरेच्या जोरावर. एखाद्या अनामिक कारकुनाने सिमल्यास कडाक्याच्या पहाटे उष्णतामापकावरील आकडा पाहून वहीत लिहिला. त्याचा उपयोग काय, हे त्यास ठाऊक नव्हते. असे हजारो आकडे साठले तेव्हा, ज्यास सर्वांनी अचल मानले होते तो सरासरीचा खांबच सरकत आहे, हे त्यांतून दिसून आले. सिद्धांत मांडणारांची नावे इतिहास लक्षात ठेवतो. वही भरणाऱ्याचे नाव कोणी ठेवीत नाही. तथापि त्या वहीवाचून आज आपणांस हिवाळ्याविषयी आजोबांच्या आठवणीपलीकडे काहीच सांगता आले नसते.

सिमला ऑफिसच्या चौकातून जाताना पावसाची सर आली तर क्षणभर आडोशास थांबून या नावाचा विचार करावा. त्या दूरच्या डोंगरावर या साली बर्फ किती पडले, ते किती दिवस टिकले, हे कोणीतरी मोजून ठेवले असेल. त्या आकड्याशी आपल्या ज्वारीचा, आपल्या धरणाचा आणि आपल्या नातवंडांच्या उन्हाळ्याचा संबंध आहे. तो संबंध नेमका कसा, हे शास्त्रास अजून पुरते उलगडलेले नाही. परंतु वही चालू आहे तोवर ते उलगडण्याची आशा आहे.